गटात शिरल्यावर दीर्घिकेतली ताऱ्यांची निर्मिती का मंदावते?

तुमचा प्रश्न: गटातल्या दीर्घिकांत नवे तारे कमी का जन्मतात, पूर्वीही असंच होतं का, आणि पुण्यात एमएस्सीच्या प्रकल्पात हे तपासता येईल का?

बहुतेक जण सांगतात, 'वायू ओरबाडला जातो.' ते शेकडो दीर्घिकांच्या मोठ्या समूहांना लागू पडतं, मोजक्या दीर्घिकांच्या छोट्या गटांना फारसं नाही. दीर्घिका भोवतालच्या उष्ण वायूतून धावते, तेव्हा समोरून बसणारा दाब तिचा वायू ओरबाडतो. हा दाब म्हणजे त्या वायूची घनता गुणिले वेगाचा वर्ग. समूहात दीर्घिकांचा वेग सेकंदाला १००० किमीच्या आसपास, गटात साधारण ३००. नुसत्या वेगामुळेच दाब अकरापट घटतो, शिवाय गटातला उष्ण वायूही विरळ. त्यामुळे बटू (छोट्या) दीर्घिकांचा वायू सोलला जातो, पण आपल्या आकाशगंगेएवढ्या दीर्घिकेच्या चपट्या तबकडीतला वायू बराचसा शाबूत राहतो.

खरा मार उपासमारीचा. बाहेरून येणारा ताजा वायू थांबतो, पण साठा असेतो तारे जन्मत राहतात. म्हणूनच गटात आल्यावर २ ते ४ अब्ज वर्षं फारसा फरक दिसत नाही. मग अब्जाहून कमी वर्षांत निर्मिती झपाट्याने विझते.

मात्र गट म्हणजे फक्त विझणं नव्हे. वेग कमी, म्हणून दोन दीर्घिका एकमेकींजवळ जास्त वेळ रेंगाळतात आणि भरतीच्या बलाने (एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीने) वायू केंद्राकडे ढकलला जातो. सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एम ८१ गटात एम ८२ ही दीर्घिका याच कारणाने धडाक्याने तारे घडवतेय. तिला एम ८१ शी जोडणारे हायड्रोजनचे पट्टे २१ सेंमी तरंगलांबीवर स्पष्ट दिसतात.

आता काळाचं. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी विश्वातली ताऱ्यांची निर्मिती शिखरावर होती. आज ती दहाव्या हिश्श्यावर आली आहे. तेव्हा गट जुळतच होते, उपासमार व्हायला पुरेसा काळच गेला नव्हता. त्यामुळे परिसराचा ठसा नंतर गडद होत गेला. जड दीर्घिका तेव्हाही विझत होत्या, पण मुख्यतः स्वतःच्या वस्तुमानामुळे. पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरून २०२० मध्ये दिसलं की ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला अणुरूप हायड्रोजन, नवा पुरवठा नसता तर, १ ते २ अब्ज वर्षांत संपला असता. रसद तुटणं किती महागात पडतं, ते इथे कळतं.

प्रकल्पासाठी स्लोन या आकाश सर्वेक्षणाची मोफत विदा (डेटा) घ्या. तुलना समान तारकीय वस्तुमानाच्या दीर्घिकांचीच करा. नाहीतर वस्तुमानाचा परिणाम परिसराच्या नावावर जमा होईल. मध्यवर्ती (गटाच्या केंद्रातली मुख्य) आणि उपग्रह (तिच्याभोवतीच्या) दीर्घिका वेगळ्या ठेवा. ताऱ्यांच्या दर सूर्याएवढ्या वस्तुमानामागे वर्षाला १०⁻¹¹ सूर्यवस्तुमानापेक्षा कमी निर्मिती असेल तर 'विझलेली' समजा. दोन-तीन सदस्यांचे गट वगळा, त्यांत दृष्टिरेषेतले योगायोग फार. आणि या सर्वेक्षणात दीर्घिकांचा प्रकाश टिपणारे प्रकाशतंतू धातूच्या पत्र्यावर बसवत; एका पत्र्यावर आकाशातल्या ५५ विकलांपेक्षा (आर्कसेकंदांपेक्षा) जवळ दोन तंतू बसत नसत, म्हणून दाट गटांतच सदस्य सुटतात. त्याची दुरुस्ती केल्याशिवाय टक्केवारी काढू नका.