ऑफशोअर कॅसिनो: पैसे टाकणं सोपं आहे, काढताना काय होतं ते वाच

तुझा प्रश्न वाचला. म्हणजे ऑगस्ट २०२५ नंतर पैशाचे फँटसी आणि रमीवाले ऍप बंद पडले, आता ऑफिसमधला एक जण कुराकावचं (कॅरिबियनमधलं एक बेट) लायसन असलेली ऑफशोअर, म्हणजे देशाबाहेरून चालणारी साईट वापरतोय, तिथे यूपीआय चालतं, टीडीएस कापत नाहीत, पहिल्या डिपॉझिटवर डबल बोनस, तर आपणही तिथे खेळावं का हा तुझा प्रश्न, आणि तुझ्या मामेभावाचे चाळीस हजार अशाच दुसऱ्या एका साईटवर अडकलेत, तर ते साईटवाले आता 'टॅक्स' म्हणून बारा हजार आधी भरा म्हणतायत. मामेभावाचं शेवटी सांगतो, आधी बाकीचं.

मी माल्टात स्लिएमाला एका ऑनलाईन कॅसिनोच्या पेमेंट टीममध्ये काही वर्षं काम केलंय, म्हणजे लोक 'विड्रॉ' दाबतात तेव्हा ती रिक्वेस्ट ज्यांच्या स्क्रीनवर येते त्यातला मी एक. त्यामुळे 'गेम फिक्स असतात का' हा सगळ्यांचा लाडका प्रश्न मला तरी बिनमहत्त्वाचा वाटतो. चालू असलेल्या नीट कॅसिनोला गेम फिक्स करायची गरजच नसते. युरोपियन रूलेटला ३७ घरं, आणि पैसे मिळतात ३६ घरं असल्यासारखे, झाले तिथेच २.७० टक्के त्यांचे. दोन झिरोवालं अमेरिकन व्हील असेल तर ५.२६. बॅकराटला बँकरवर १.०६ टक्के, पण 'टाय'वर लावलंत तर चौदाच्या वर. ब्लॅकजॅक चार्टप्रमाणे (कधी पत्ता घ्यायचा, कधी थांबायचं ते सांगणारा तक्ता) खेळलात तर साधारण अर्धा टक्का, फक्त चार्टप्रमाणे शेवटपर्यंत खेळणारा माणूस मी क्वचितच बघितला, तिसऱ्या तासाला सगळे मनानेच खेळायला लागतात.

फायदे आहेत, उगाच नाही म्हणणार नाही. गेम भरपूर, लाईव्ह डीलरची टेबलं खरंच चांगली असतात (यातल्या मोठ्या कंपन्यांचे स्टुडिओ रिगासारख्या ठिकाणी असतात, तिथून थेट अंदर-बाहर आणि तीनपत्तीसुद्धा दाखवतात), आणि दहा-वीस रुपयांपासून खेळता येतं. मांडवीतल्या बोटीवर जायचं तर एन्ट्रीलाच काही हजार जातात, वर प्रवास आणि हॉटेल. शिवाय गोव्यात चिप घेताना २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लागतो. बहुतेक ऑफशोअरवाले असला टॅक्स भारतात भरतच नाहीत, आणि डबल बोनस त्यांना परवडतो त्याचं एक कारण हेही आहे.

पण 'कमी पैशात खेळता येतं' हे जरा हिशोब करून बघ. वीस रुपयाचा स्लॉट, सहा सेकंदाला एक स्पिन धरला तर तासाला ६०० स्पिन, म्हणजे १२,००० रुपये लावले गेले. ९६ टक्के आरटीपी (लावलेल्या पैशातले सरासरी जेवढे परत मिळतात ते) असेल तर सरासरी ४८० रुपये तासाला गेले. आता बोटीवर रूलेटला पाचशेची चिप लावणारा माणूस, तिथे डीलर तासाला समजा चाळीस वेळा चाक फिरवतो, २०,००० लागले, २.७० टक्क्याने ५४० गेले. जीएसटी बाजूला ठेवला तर वीस रुपयेवाला आणि पाचशेवाला जवळपास तेवढंच हरतायत! आणि वीस रुपयेवाला हे रोज रात्री गादीवर पडल्या पडल्या करू शकतो, बोटीवर रोज कोण जातंय.

आरटीपीचं अजून एक. एकच स्लॉट बनवणारी कंपनी तो बऱ्याचदा दोन-तीन वेगवेगळ्या सेटिंगमध्ये देते, ९६ च्या आसपास, ९५ च्या आसपास, ९४ च्या आसपास, आणि कुठलं घ्यायचं ते कॅसिनो ठरवतो. चित्रं तीच, आवाज तोच. रिव्ह्यूमध्ये ९६.५ वाचलं म्हणून तुझ्या साईटवर तेवढंच असेल असं काही नाही, गेमच्या आतल्या माहितीच्या पानावर बघावं लागतं. आणि व्हॉट्सऍपवर लॉगिन 'आयडी' वाटणाऱ्या एजंटांच्या साईटवर तर गेमच नकली असू शकतो, तिथे वरचं सगळं गणितच सोडून द्यायचं.

बोनसचा हिशोब पण करून टाकू. दहा हजार टाकले, दहा हजार बोनस, ३५ पट वेजरिंग, म्हणजे पैसे काढण्याआधी तेवढ्या पट रकमेचं लावून झालं पाहिजे. फक्त बोनसवर असेल तर साडेतीन लाखाचं लावून झाल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत, चार टक्क्याने सरासरी तोटा १४,०००, म्हणजे दहा हजाराच्या बोनससाठी चौदा हजार. डिपॉझिट धरून ३५ पट असेल (टर्म्समध्ये एक ओळ असते, कोणी वाचत नाही) तर सात लाख आणि २८,०००, तेवढे तर तू टाकलेले पण नाहीत. तू म्हणशील मी ब्लॅकजॅकवर वेजरिंग पूर्ण करीन, तर टेबल गेमवर लावलेल्यातले बहुतेक ठिकाणी दहा टक्केच धरतात किंवा धरतच नाहीत. आणि एका डावात ठराविक रकमेपेक्षा जास्त लावलंत तर जिंकलेलं सगळं रद्द. आमच्याकडे विड्रॉवल अडवायचं सगळ्यात कॉमन कारण हेच असायचं, आणि ते नियमाप्रमाणेच असायचं हे पण खरं.

इथपर्यंतचं जगात कुठेही लागू आहे. भारतात बसून खेळणाऱ्याचा खरा घोळ पैसे कोणत्या वाटेने जातात-येतात त्यात आहे.

आधी लायसन. कुराकावचं जुनं प्रकरण असं होतं की सरकारने चार मास्टर लायसन दिलेली आणि त्या चार कंपन्या पुढे सबलायसन वाटायच्या, साईटच्या तळाशी ८०४८/जेएझेड असला नंबर दिसायचा तो त्यातलाच. तक्रार केली तर ती त्याच कंपनीकडे जायची जिला तो कॅसिनो फी भरतो. २४ डिसेंबर २०२४ पासून तिथे नवीन कायदा आला, आता प्राधिकरण स्वतः लायसन देतं, सुधारणा आहे नक्कीच. साईटवरचं लायसनचं सील खरं असेल तर क्लिक केल्यावर प्राधिकरणाच्या पानावर जातं आणि तिथे कंपनीचं नाव आणि हाच डोमेन दिसतो, नुसतं चित्र चिकटवलेलं असेल तर विषय संपला. पण खरं असलं तरी ते कुराकावचं लायसन आहे, भारतात चालवायची परवानगी नाही. २२ ऑगस्ट २०२५ ला ज्यावर राष्ट्रपतींची सही झाली तो ऑनलाईन गेमिंगचा कायदा भारताबाहेरून इथल्या लोकांना सेवा देणाऱ्यांनाही धरतो, पैशाचा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, पैसे फिरवून देणाऱ्यालाही तेवढंच, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, तुझा कलीग हे बरोबर बोलला. पण दाद मागायला जागाही नाही. पैजेचा करार आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार मुळातच व्हॉइड, कोर्टात जाऊन जिंकलेले पैसे द्या म्हणता येत नाही.

आता यूपीआय. ज्या कंपनीला भारतात धंदा करायलाच बंदी ती यूपीआयने पैसे घेते कशी? डिपॉझिटचं पान नीट बघ, दर वेळी वेगळा आयडी येतो, आज कुठल्या तरी ट्रेडर्सचा, उद्या मोबाईल रिपेअरवाल्याचा, परवा कुणा बाईच्या नावाचा. ही सगळी भाड्याने घेतलेली खाती, म्यूल अकाउंट. मार्च २०२५ मध्ये जीएसटी इंटेलिजन्सने ऑफशोअर गेमिंगच्या ३५७ साईट ब्लॉक केल्या तेव्हा सोबत दोन हजाराच्या आसपास बँक खाती पण अडकवली, ती अशीच. आणि त्याच खात्यांतून डिजिटल अरेस्ट, पार्टटाईम जॉब असल्या फ्रॉडचे पैसेही फिरतात. म्हणजे समजा तेलंगणातल्या कोणीतरी १९३० ला (सायबर फ्रॉडची हेल्पलाईन) तक्रार केली, त्याचे पैसे तीन खाती फिरून आले आणि तेच तुला विड्रॉवल म्हणून मिळाले, तर पोलिसांच्या यादीत पुढचं खातं तुझं. तुझ्या पगाराच्या खात्यावर लियन, म्हणजे बँक पैसे अडवून ठेवते, कधी तेवढ्या रकमेवर तर कधी पूर्ण खातं फ्रीज, ईएमआय बाऊन्स, आणि दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलीस स्टेशनला मेल करत बसायचं की हे पैसे माझे आहेत. कुठून आले विचारल्यावर काय सांगणार? यात गंमत अशी की हरणाऱ्यापेक्षा जिंकणाऱ्याला हा त्रास जास्त. जुना मटकेवाला निदान गल्लीतला असायचा, पैसे आणायला जायचं तर घर माहीत होतं.

क्रिप्टोने हे टळतं असं तुझ्या कलीगला वाटतंय, तर यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो) परत रुपयात करायला पी२पीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला विकावा लागतोच ना, आणि समोरचा खरेदीदार कोणाचे पैसे पाठवतोय ते तुला कुठे माहीत, खाती फ्रीज व्हायच्या तक्रारी तिथेही ढीगभर आहेत. वर प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस.

टीडीएस कापत नाहीत म्हणजे टॅक्स नाही असं अजिबात नाही, ऑनलाईन गेमच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के अधिक सेस आहेच, फक्त भरायचा तुला. एलआरएसने (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) रीतसर पाठवू म्हणशील तर फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या २००० च्या नियमांत लॉटरी, स्वीपस्टेक्स असल्या गोष्टींसाठी बाहेर पैसे पाठवायलाच बंदी आहे, बँक विचारेल तेव्हा पर्पज काय लिहिणार.

व्हीपीएनचं एक राहिलंच. साईट ब्लॉक आहे म्हणून लोक व्हीपीएन लावून जातात, देश दुसराच दाखवतात, डिपॉझिट होताना कोणी काही बोलत नाही. मोठं विड्रॉवल टाकलं की केवायसी मागतात, तू आधार किंवा पासपोर्ट देतोस, आणि मग टर्म्समधलं 'प्रतिबंधित देश' आणि 'व्हीपीएन वापरल्यास जिंकलेली रक्कम रद्द' ही दोन कलमं बाहेर येतात. कागदं मात्र त्यांच्याकडे राहतात. डिपॉझिटच्या वेळी केवायसी का करत नाही असं मी एकदा मीटिंगमध्ये विचारलं होतं, सगळे हसले.

खाली कमेंटमध्ये कोणीतरी यूकेमधून हेच विचारलंय म्हणून दोन ओळी. तिथे तुमच्याकडे लायसनवाले पर्याय असताना ऑफशोअरला जायचं काही कारण मला दिसत नाही. तिथल्या साईटना वाद सोडवायला त्रयस्थ संस्था ठेवावी लागते, क्रेडिट कार्ड २०२० पासून बंद, स्लॉटला २०२५ पासून एका स्पिनला पाच पौंडाची मर्यादा (२५ च्या आतल्यांना दोन). ऑफशोअरवाले 'गॅमस्टॉपवर नाही' अशी जाहिरात करतात ती कोणासाठी हे समजून घ्या, गॅमस्टॉप म्हणजे स्वतःला जुगारातून बंद करून घ्यायची यादी, ज्याने कसंबसं स्वतःला थांबवलंय त्यालाच ते शोधत असतात.

तर तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर, भारतात बसून नको. वीस रुपयाच्या स्लॉटपायी पगाराचं खातं पणाला लावण्यासारखं त्यात काही नाही. पत्त्यांचीच हौस असेल तर वर्षातून एकदा गोव्याला जा, खिशात ठरवून रोख ने, एटीएम कार्ड हॉटेलवर ठेव. (२१ पूर्ण लागतात, आणि गोव्याचा रहिवासी असशील तर २०२० पासून आत सोडत नाहीत.) आणि रिव्ह्यू साईटवरचे स्टार बघून ठरवू नकोस, त्यातल्या बहुतेकांना तू हरलास की त्यातले पंचवीस ते चाळीस टक्के मिळतात.

आता मामेभाऊ. एक रुपया भरू देऊ नकोस. टॅक्स कधीच असा आधी कॅसिनोच्या खात्यात भरायचा नसतो, कापायचाच असता तर त्या चाळीस हजारातूनच कापला असता. बारा भरले की पुढे 'अकाउंट व्हेरिफिकेशन' येईल, मग 'अँटी मनी लाँडरिंग चार्ज'. ते चाळीस हजार स्क्रीनवरचा आकडा आहे, गेले समजा. चॅट, यूपीआय आयडी, ट्रान्झॅक्शनचे यूटीआर नंबर, सगळ्याचे स्क्रीनशॉट आजच काढायला सांग, कारण अकाउंट लॉक केलं की काही दिसणार नाही, आणि १९३० ला किंवा सायबर क्राईम पोर्टलला तक्रार करा, खेळत होतो हे लपवायचं नाही. आधार-पॅन दिलं असेल तर सिबिल रिपोर्ट काढून बघा त्याच्या नावावर कुठलं लोन निघालंय का. आणि यानंतर टेलिग्रामवर कोणीतरी 'तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फी वीस टक्के' म्हणून मेसेज करेल, बहुतेक आठवड्याभरातच करेल, त्याला नंबर बऱ्याचदा त्याच साईटवाल्यांनी दिलेला असतो.