आजीची लाज, शारजाचा कायदा आणि नातीचा स्विमसूट

संयुक्त अरब अमिरातींतल्या शारजात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. डिसेंबरात सासू-सासरे साताऱ्याहून यायचे आहेत. तेरा वर्षांची मुलगी शाळेत पोहायला शिकते, दुबईच्या समुद्रावर फिरायला गेल्यावर तिला स्विमसूट घालायचाय. सासूबाईंनी फोनवरच सांगितलं, ‘चारचौघांत असलं काही नको.’ वाद नको म्हणून नवऱ्याने मुलीला सांगून टाकलं, ‘इथं पोलीस पकडतात.’ खरंच पकडतात का, असं ताई विचारतात.

ताई, तुम्ही राहता एका अमिरातीत आणि फिरायला जाता दुसरीत, तिथे गोंधळ होतो. शारजात २००१ पासून सार्वजनिक सभ्यतेचे कडक नियम आहेत. बायकांनी पोट, पाठ उघडी टाकणारे किंवा गुडघ्याच्या वर जाणारे कपडे घालू नयेत आणि पुरुषांनी उघड्या अंगाने हिंडू नये, असं ते सांगतात. तिथल्या सार्वजनिक किनाऱ्यावर बिकिनी चालत नाही. दुबईत काईट बीचवर किंवा जुमेराला मात्र स्विमसूट काय, बिकिनीही चालते. चालत नाही ती नग्नता. वाळू सोडून दुकानात, मेट्रोत किंवा मॉलमध्ये शिरताना अंगावर नीट कपडे हवेत, खांदे-गुडघे झाकलेले. ममझरची खाडी तर दोघांच्या सीमेवरच आहे. पाणी एकच, पण या काठाला एक नियम आणि त्या काठाला दुसरा.

म्हणजे तुमच्या मुलीचा साधा स्विमसूट दुबईच्या किनाऱ्यावर पूर्ण कायदेशीर आहे. म्हणूनच नवऱ्याचं ते वाक्य मला फार खटकलं. ती ममझरला दुबईच्या काठावर जाईल, शेजारी तिच्याच वयाच्या मुली स्विमसूटमध्ये पोहताना बघेल आणि बाबा खोटं बोलले हे तिला तिथल्या तिथे कळेल. पुढे खरोखरच धोक्याचं काही सांगायची वेळ आली, तर ती ऐकेल का? आजीला संकोच वाटतो, तर तसंच सांगावं: ‘आजीला अवघड वाटतं, तिच्या काळी असं नव्हतं.’ मुलीला तेवढं समजतं. लांब बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पोहायचा अंगासरशी शर्ट, आणि गुडघ्यापर्यंतची पोहण्याची पॅन्ट तिला दाखवून बघा. उन्हासाठी मलाही तेच बरं वाटतं. पण निवड तिला करू द्या.

सासूबाईंचीही सोय बघायला हवी. अलिबाग-मुरुडला आपल्या बायका साडीतच पाण्यात बसतात, त्यांच्याही डोळ्यांसमोर तेच असणार. काठावर पाय बुडवायला साडी ठीक. पण कमरेएवढ्या पाण्यात सुती साडी जड होते, पायात गुंतते आणि लाटेने तोल गेला तर उठता येत नाही. अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख, ज्याला बुर्किनी म्हणतात, तिकडच्या दुकानांत सहज मिळतो. तो मुसलमान बायकांनीच घालावा असं काही नाही. काही ठिकाणी फक्त बायकांसाठी राखीव वेळा असतात, त्या आधी विचारून ठेवा.

मला काळजी वाटते ती सासऱ्यांची, कारण घरात सगळी चर्चा मुलीच्या कपड्यांची चाललीय. आपल्याकडचे पुरुष घरच्या चड्डीवर खुशाल समुद्रात उतरतात, टॉवेल गुंडाळून वाळूवरच कपडे बदलतात. आमच्या घरच्या एका काकांना जीवरक्षकाने असंच पाण्यातून बाहेर बोलावलं होतं. ते त्या संध्याकाळी कुणाशी बोलले नाहीत. चूक आमची होती, त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं. पोहण्याची अर्धी पॅन्ट आधीच आणून ठेवा, कपडे बदलायची खोली दाखवा, आणि शारजाच्या कॉर्निशवर, म्हणजे पाण्याकाठच्या रस्त्यावर, अंगात शर्ट असू द्या.

फोटोंचंही तसंच. अमिरातींत अनोळखी माणसाचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय काढणं हा गुन्हा ठरू शकतो. आजोबा कौतुकाने समुद्राचा व्हिडिओ काढतील आणि मागे कुणी बाई पोहताना दिसेल. नातीचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी तिलाही विचारायला सांगा.

फ्रान्समधून लिहिणाऱ्या वाचकांना नेमकी उलटी अडचण येते. २०१६ च्या उन्हाळ्यात तिथल्या अनेक किनारी गावांनी अंगभर झाकणाऱ्या पोशाखावरच बंदी घातली होती. २६ ऑगस्टला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यातल्या एका गावाची बंदी स्थगित केली. नगरपालिकांच्या बहुतेक तलावांत आजही सैल हाफ पॅन्ट चालत नाही, अंगासरशी चड्डीच लागते. तिथे आपले आजोबाच लाजतात.

ताई, सासूबाईंना विमानात बसायच्या आधी फोन करा आणि कुठल्या किनाऱ्यावर जाणार, नात काय घालणार, हे सरळ सांगा. त्या रागावल्या तर तिकडेच रागावू द्या, मधे थोडे दिवस जातील. मुलीशी मात्र आजच बोला, आणि पोलिसांचं ते वाक्य तिच्या बाबांनीच मागे घ्यायला हवं.