दिसू नये, पण ऐकू यावं : श्रवणयंत्राविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात उतारवयातल्या बहिरेपणावर लिहिलं आणि संपादकांकडे पत्रांचा गठ्ठा जमला. दादरला माझं श्रवणतपासणीचं केंद्र आहे. तिथे रोज जे विचारलं जातं तेच पत्रांतही आहे; फरक एवढाच, की पत्रात लोक किंमत आधी विचारतात आणि कान नंतर. निवडक पत्रांना इथे उत्तर देते.

प्रश्न : मॅडम, सासरे ७४ वर्षांचे आहेत. टीव्ही इतका मोठा लावतात, की खालच्या मजल्यावरून तक्रार येते. तपासणी केली. आलेखाखाली सरासरी ४८ डेसिबल लिहिलंय, दोन्ही कानांत जवळपास सारखंच. दुकानदार कानाच्या आत बसणारं, न दिसणारं मशीन घ्या म्हणतो. सासऱ्यांचाही तोच हट्ट, 'लोकांना कळायला नको'. नणंदेच्या ओळखीतले तज्ज्ञ कानामागचं सांगतात. घरात दोन तट पडलेत. (मुलुंडहून एक सून)

उत्तर : नुसत्या सरासरीवरून मशीन ठरत नाही. आलेखाचा फोटो जोडलात हे बरं केलंत. त्यात ५०० हर्ट्झला, म्हणजे जाड आवाजाला, रेषा ३० डेसिबलवर आहे आणि ४००० हर्ट्झला, म्हणजे बारीक आवाजाला, घसरत ७५ वर गेलीय. म्हणजे सासऱ्यांना जाड आवाज बऱ्यापैकी पोचतात. गळतात ते स, श, फ, त, क. तुम्ही 'साठ' म्हणता, त्यांना 'आठ' ऐकू येतं. 'ऐकू येतं गं, पण कळत नाही,' हे त्यांचं वाक्य असणार, आणि ते अगदी खरं आहे. वैतागून तुम्ही आवाज चढवलात की 'ओरडतेस कशाला?' हेही ऐकून घ्यावं लागत असेल. त्यात त्यांचा तिरसटपणा नाही. कानाच्या आतल्या पेशी झिजल्या की हळू आवाज गळतो आणि मोठा आवाज मात्र पूर्ण जोराने आदळतो.

आता दोन तटांबद्दल. न दिसणारं, म्हणजे सीआयसी, कानाची नळी जवळजवळ बंद करतं. ज्यांचा खालच्या पट्टीतला कान शाबूत आहे त्यांना मग स्वतःचाच आवाज घुमतो, जेवताना पापड चावला तरी डोक्यात दणका बसतो. तुमच्या सासऱ्यांचा आलेख नेमका तसा आहे. त्यांना आरआयसी बरं : कानामागे छोटा तुकडा, त्यातून केसासारखी बारीक तार, तिच्या टोकाला रिसिव्हर, म्हणजे इवलासा स्पीकर, आणि त्यावर छिद्रांचा रबरी डोम. जाड आवाज कानात आपसूक शिरतो, मशीन फक्त वरच्या पट्टीची उणीव भरून काढतं. दिसण्याचं म्हणाल तर पांढऱ्या केसांत राखाडी मशीन हाताच्या अंतरावरूनही चटकन दिसत नाही. 'अहो, काय म्हणालात?' असं दर वाक्याला विचारणं त्याहून जास्त दिसतं. हे मात्र त्यांना तुम्ही सांगू नका, मुलाला सांगू द्या.

दुसरी गोष्ट त्यांच्या बोटांची, जिच्याबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही. माझ्या टेबलावर मी पांढरा रुमाल अंथरते, त्यावर १० नंबरचा, पिवळ्या स्टिकरचा सेल ठेवते आणि म्हणते, उचला. सीआयसीमध्ये सहसा हाच बसतो, डाळीच्या दाण्याएवढा. बरीच बोटं तो रुमालावर नुसती ढकलत राहतात. तसं झालं तर न दिसणाऱ्या मशीनचा विषय तिथेच मिटतो आणि मी चार्जिंगचं मशीन दाखवते, रात्री डब्यात ठेवलं की काम झालं. सासऱ्यांना घेऊन जा, तिथेच स्वतःच्या हाताने घालू-काढू द्या. चष्म्याची काडी आडवी येते का तेही बघा.

दोन्ही कानांत सारखं कमी आहे, तेव्हा परवडत असेल तर मशीनही दोन्ही कानांना घ्या. आवाज कुठून आला ते एका कानाने नीट उमगत नाही. दुकानदार १६ चॅनल, २० चॅनल (आवाजाच्या किती पट्ट्या मशीन वेगवेगळ्या हाताळतं तो आकडा) करत राहील. घरात चार माणसांशी बोलणाऱ्या माणसाला त्यातले बरेचसे पैसे वाया जातात. त्याऐवजी हे विचारा : ट्रायल किती दिवसांची? नंतरचं सेटिंग किमतीत धरलंय का? बसवताना कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष आवाज मोजणार का? आणि बसवणारा आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी असलेला ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे का? या प्रश्नांना तोंड वाकडं करणाऱ्याकडून मशीन घेऊ नका. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे, बिलात लावला असेल तर जाब विचारा.

प्रश्न : गेल्या गुरुवारी सकाळी उठलो तर उजव्या कानाने ऐकूच येईना. दुखत नाही. कोणतं मशीन घेऊ? (लालबागहून एक वाचक)

उत्तर : तुमचं पत्र हाती पडताच संपादकांना तुम्हाला फोन करायला लावलं, कारण छापून येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. इतरांसाठी लिहिते : एका कानाचं ऐकणं असं एकाएकी गेलं तर मशीन नाही, ईएनटी डॉक्टर, आणि तोही त्याच दिवशी. कधी नुसता मळ निघतो. पण आतली नस बिघडली असेल तर स्टेरॉइडच्या उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो. गरम तेल घालत बसू नका.

प्रश्न : माझं कानामागचं जुनं मशीन, साच्याचं. दर पावसाळ्यात आवाज दबतो, मध्येच शिट्टी वाजते. लोकलमधून उतरलो की तर हमखास बंद. दुकानात नेलं की 'आता नवीन घ्या' म्हणतात. (गिरगावहून एक निवृत्त वाचक)

उत्तर : नवीन घ्यायची घाई नको. मुंबईत मशीन वयाने कमी आणि घामाने व मळाने जास्त मरतात. गर्दीच्या डब्यातून उतरताना कानामागून घामाची धार वाहते, ती थेट मायक्रोफोनच्या छिद्रावर. घरी आल्यावर आधी मशीन काढून कोरड्या सुती कापडाने पुसा, सेलचं दार उघडा आणि रात्रभर सिलिका जेलच्या डबीत ठेवा. जून ते सप्टेंबर यात खंड नको. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा पिऊन बसले असं समजा, ते बदला. नातवंडांच्या हाती ती डबी लागू देऊ नका.

आवाज दबण्याचं कारण बहुधा नळीत असतं. मोल्डपासून (कानात बसणारा साचा) मशीनपर्यंतची पारदर्शक नळी उजेडात धरून बघा, दवासारखे थेंब दिसतील. मशीन वेगळं काढून ठेवा आणि मोल्ड-नळीत रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, फुंकरीत ओलावा असतो. मोल्ड कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पूर्ण सुकल्यावरच जोडा. मशीनला मात्र पाणी किंवा स्पिरिट लावायचं नाही. नळी पिवळी आणि कडक झाली असेल तर बदलून घ्या. सहसा सहा महिन्यांत ती वेळ येतेच, आणि हा खर्च किरकोळ आहे.

शिट्टीची परीक्षा घरी होते. मशीन चालू ठेवून मोल्डच्या टोकाचं भोक अंगठ्याने घट्ट बंद करा. तरी शिट्टी वाजली तर नळी चिरलीय किंवा हुक, म्हणजे कानावर अडकणारा वाकडा भाग, सैल आहे. शिट्टी थांबली तर दोष बसण्यात आहे : कानात मळ साठलाय किंवा मोल्ड सैल झालाय. वजन उतरलं की कानाचा आकारही थोडा बदलतो. दुकानाआधी ईएनटीकडे मळ बघून घ्या आणि मग मोल्ड नवा करा, मशीन जुनंच राहू द्या. आणि डोक्याला तेल लावता का? मशीन काढून लावा आणि तेल मुरल्यावरच पुन्हा घाला. तेलाने बुजलेलं मायक्रोफोनचं छिद्र मला आठवड्यातून एकदा तरी दिसतं.

प्रश्न : ताई, ३१२ नंबरचा सेल चार दिवसांत संपतो. बनावट माल असेल का? (गोरेगावहून एक शिक्षिका)

उत्तर : बनावट म्हणण्याआधी सवय तपासा. हा झिंक-एअर सेल आहे. तपकिरी स्टिकर काढला की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. स्टिकर काढून दोन-तीन मिनिटं तसाच ठेवा, मग घाला. वापरत नसताना स्टिकर परत चिकटवून काही वाचत नाही. दिवसभर वापरलात तर आठवडाभर चालावा. मात्र मोबाइलवरची गाणी आणि फोन थेट मशीनमध्ये घेत असाल तर चार दिवस हे काही नवल नाही. पाकिटावरची तारीख बघून घ्या आणि फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नका. घरात लहान मूल आहे असं लिहिलंय, म्हणून बजावते : बटन सेल गिळला तर लगेच हॉस्पिटल गाठा, 'शीतून निघेल' म्हणून वाट बघू नका.

प्रश्न : ऑनलाइन १,५०० रुपयांत मशीन मिळतं, ते चालेल का? (विक्रोळीहून एक वाचक)

उत्तर : तो साधा अ‍ॅम्प्लिफायर असतो. शेजारची कुजबुज आणि प्रेशर कुकरची शिट्टी दोन्ही तो सारखीच वाढवतो, आणि आधीच नाजूक असलेल्या कानाला त्याने इजा होऊ शकते. पैसे वाचवायचेच तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : आईला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. बाहेरचे दर झेपत नाहीत. सरकारी सोय आहे का? (कुर्ल्याहून एक मुलगी)

उत्तर : आहे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. तिथे तपासणी होते आणि केंद्राच्या एडिप योजनेतून, म्हणजे दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून, मशीनही मिळतं. नायर रुग्णालयातही ऑडिओलॉजीचा विभाग आहे. एडिपसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त घट असावी लागते. आईचा अंक त्याहून खाली आला आणि वय ६० च्या पुढे असेल, तर ज्येष्ठांना साधनं देणाऱ्या राष्ट्रीय वयोश्री योजनेची चौकशी करा, तीही कमी उत्पन्नाच्या घरांसाठी आहे. आधार, यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) असल्यास ते, उत्पन्नाचा दाखला, फोटो आणि जुनी ऑडिओमेट्री (श्रवणतपासणीचा आलेख) असं सगळं एका पिशवीत घालून सकाळी लवकर निघा. झेरॉक्स घरूनच काढून न्या.