प्लग तापतो, पण एमसीबी पडत नाही

प्रश्न : २००० वॅटची इंडक्शन शेगडी ओट्यावरच्या लहान सॉकेटमध्ये कन्व्हर्टर लावून वापरतो. दहा मिनिटांत प्लगला हात लावता येत नाही. सॉकेटचं एक भोक तपकिरी पडलंय. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा बोर्डावरचा स्विच) मात्र कधीच पडला नाही. मग चालेल ना?

उत्तर : नाही, वापर आजच थांबवा. २००० भागिले २३० म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर, आणि लहान सॉकेट ६ अँपिअरचं. कन्व्हर्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, सॉकेटची ताकद वाढवत नाही.

एमसीबी का पडत नाही? तो बहुधा १६ अँपिअरचा असेल, आणि त्याच्या लेखी ८.७ म्हणजे काहीच नाही. शिवाय त्याला फक्त करंट कळतो, सैल जोड कळत नाही. सॉकेटमधली पितळी पट्टी ढिली होऊन तिथे ०.२ ओहम रोध आला, तरी त्या एवढ्याशा जागेत १५ वॅट उष्णता तयार होते. पट्टी तापली की तिचा ताण आणखी जातो, पकड आणखी सुटते. भोक तपकिरी होतं ते यामुळे.

वायरमनकडून १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट घ्या, मेन बोर्डापासून २.५ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र वायर ओढून. जुन्याच वायरवर नुसतं मोठं सॉकेट बसवणं म्हणजे दुखणं भिंतीत ढकलणं. शेगडीच्या प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील तर प्लगही बदला, नाहीतर तो नवं सॉकेट खराब करील. वायरचं जळकं टोक तांबं चकचकीत दिसेपर्यंत कापायला सांगा.

प्रश्न : वॉशिंग मशीनच्या पत्र्याला ओल्या हाताने झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतो, सॉकेटमध्ये अर्थ (गळतीचा करंट जमिनीत नेणारी वायर) आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) जोडून देतो.

उत्तर : ते अजिबात करू देऊ नका. पुढे कधी न्यूट्रल तुटला, तर मशीनचा अख्खा पत्रा २३० व्होल्टला जाईल.

मशीनमधल्या विजेच्या फिल्टरमधून होणारी करंटची थोडी गळती अर्थच्या वायरीतून जायची असते. अर्थ नसेल तर ती पत्र्यावर येते आणि झिणझिण्या येतात. मशीनमध्ये खरंच बिघाड असला तरी लक्षण हेच, म्हणून तपासणी होईपर्यंत प्लग काढून ठेवा. वायरमनला मल्टिमीटरने मोजायला सांगा : फेज (वीज आणणारी वायर) ते न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ पाचाच्या आत. फेज ते अर्थ फारच कमी आलं तर अर्थची वायर कुठेतरी तुटली आहे किंवा जोडलेलीच नाही. आधी त्याला सॉकेट उघडून वरच्या मोठ्या, म्हणजे अर्थच्या, भोकाची जोडणी बघायला सांगा. कित्येकदा तिथे वायरच नसते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते पाहा.

प्रश्न : फ्रिज एक्स्टेंशन बोर्डावर चालेल?

उत्तर : थेट भिंतीतल्या थ्री-पिन सॉकेटला लावा. टू-पिन बोर्डावर तर नकोच, त्यात अर्थ नसतो.