सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या रिफ्लक्ससाठी (जठरातलं उलटं वर येणं) फंडोप्लिकेशनची शस्त्रक्रिया करावी की जीजे ट्यूब (जठरातून लहान आतड्यात जाणारी फीडची नळी) बसवावी?

मुलाला भूल झेपत असेल आणि जठरात दिलेलं फीड पचत असेल, तर गॅस्ट्रोस्टॉमीसोबत (पोटावरून थेट जठरात बसवलेली नळी) दुर्बिणीतून फंडोप्लिकेशन. छाती फार कमजोर असेल किंवा सारखे ओकारीचे उमासे येत असतील, तर जीजे ट्यूब. दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत न्यूमोनियाच्या बाबतीत ठोस फरक दिसलेला नाही, त्यामुळे निवड बरीचशी घरच्या सोयीवर ठरते.

फंडोप्लिकेशनमध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. जेवणाच्या वेळी एकदम फीड देता येतं, पण ढेकर अडते, पोट फुगतं (मग गॅस्ट्रोस्टॉमीला मोठी सिरिंज लावून हवा काढायची). स्पॅस्टिसिटी (स्नायूंचा ताठरपणा), झटके आणि बद्धकोष्ठतेने पोटातला दाब वाढून ही गुंडाळी या मुलांत जास्त वेळा सैल होते.

जीजेचं टोक लहान आतड्यात असतं. तिथे एकदम फीड दिलं की जुलाब लागतात; पंपावर रोज १६-२० तास सावकाश द्यावं लागतं. नळी सरकली की सहसा एक्स-रे स्क्रीनखाली परत बसवावी लागते. त्यासाठी गडचिरोली-गोंदियाहून दर वेळी नागपूर गाठणं सोपं नाही.

मात्र न्यूमोनिया स्वतःच्या लाळेच्या ठसक्याने होत असेल, तर यातलं काहीच तो थांबवणार नाही. म्हणून आधी नाकातून जेजुनल (लहान आतड्यापर्यंतची) नळी टाकून न्यूमोनिया कमी होतो का, ते काही आठवडे पाहा.