ग्रेड ए आहेत, पण पोरगी दार लावून बसते

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीला. दोनेक महिन्यांपासून शाळेतून आली की रूमचं दार बंद, मंडळाच्या गणपतीत लेझीमच्या ग्रुपमध्ये होती तिथून ऐनवेळी अंग काढून घेतलं, जेवायला हाक मारली की खेकसते, रात्री तीनला खोलीत लाइट चालू आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत झोप. ग्रेड मात्र अजून ए आहेत, म्हणून ताईंचे मिस्टर म्हणतात की हे वयच असं असतं, आणि नाशिकहून सासूबाई म्हणतात की यंदा कुलदेवतेला जाऊन या, सगळं ठीक होईल. हे वय आहे का डिप्रेशन, कसं ओळखायचं, आणि डिसेंबरच्या भारतवारीचं काय करायचं, असं ताईंनी विचारलंय.

ताई, निदान डॉक्टरच करणार, पण तुम्ही लिहिलंय तेवढ्यावर मी पुढच्या आठवड्याची वाट बघणार नाही. वयात आलेली मुलं चिडतात, दार आपटतात, हे खरंच आहे, पण ते येतं आणि जातं. दोन आठवड्यांच्या वर जवळजवळ रोज तेच चाललंय, झोप आणि भूक बदललीये आणि जे मनापासून आवडायचं तेच सुटलंय, म्हणजे दाखवायची वेळ झाली. आणखी एक, मोठ्यांना डिप्रेशन आलं की ती गप्प होतात, रडतात, असं आपल्या डोक्यात असतं, पण या वयात ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपातच दिसतं, त्यामुळे घरात वाटतं की पोरगी उद्धट झालीये. ग्रेडचं तर नकाच धरू. आपल्या घरांत मार्क चांगले म्हणजे मूल ठीक हे इतकं पक्कं बसलंय की मुलंही मार्क शेवटपर्यंत धरून ठेवतात, बाकी सगळं सुटलं तरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात 10 ते 19 वयाच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक आरोग्याचा काहीतरी त्रास असतो. मंडळाच्या हॉलमधली मुलं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे तुम्ही एकट्या नाही हे कळेल. त्रास वेगवेगळे असतात, दिसतातही वेगळे. कुणाचं दर सोमवारी सकाळी पोट दुखतं आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल येतात, ती अँग्झायटी असू शकते. कुणाला एकदम छातीत धडधडतं, श्वास लागतो, आता मरतो की काय वाटतं, तो पॅनिक अटॅक. (पहिल्यांदा झालं तर डॉक्टरकडून हृदय तपासून घ्याच.) खाण्याच्या आजारांबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण तिथे आपण नकळत भर घालतो. पॉटलकला पोरगी आली की चार मावश्या म्हणतात, अगं किती बारीक झालीस, छान दिसतेस, आणि तिने दुपारपासून काही खाल्लेलं नसतं, जेवण झाल्यावर ती बाथरूममध्ये किती वेळ जाते याकडे कुणाचं लक्ष नसतं. हा आजार जीवावर बेततो. मुलग्यांनाही होतो. मुलांच्या अंगावर, वजनावर बोलायचंच नाही, कौतुकानेही नाही, एवढं मंडळात ठरवून टाका.

आता बोलायचं कसं. समोर बसवून, बाबा डावीकडे आई उजवीकडे, असं नको. गाडीतून कुठे नेताना बरं पडतं, डोळ्यांत बघावं लागत नाही. जे दिसलं तेवढंच सांगा, की तू लेझीम सोडलंस, रात्री जागी असतेस, मला काळजी वाटते, आणि मग गप्प बसा, ती इंग्लिशमध्ये बोलली तर बोलू दे, तिथे मराठीचा आग्रह धरू नका. आम्ही तुझ्यासाठी इतकं केलं, तुला काय कमी आहे, हे वाक्य तोंडापर्यंत आलं तरी गिळा. आणि सरळ विचारा, मरून जावंसं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो ही भीती सगळ्या आईबापांना असते, पण तसं होत नाही, उलट बऱ्याच मुलांना सुटल्यासारखं वाटतं. हो म्हणाली तर लेक्चर नको, रडारड नको, तिला एकटं सोडू नका आणि 988 या अशा वेळच्या हेल्पलाइनला फोन किंवा टेक्स्ट करा. अमेरिकेत हा नंबर जुलै 2022 पासून आहे, कॅनडातही आता हाच. इंग्लंडात 111 लावून दोनचा पर्याय घ्या किंवा 116 123, ऑस्ट्रेलियात 13 11 14. जीवाला लगेच धोका वाटला तर तिथला इमर्जन्सी नंबर, विचार करत बसायचं नाही.

आजच करायचं एक काम. प्रत्येक मराठी घरात भारतातून आणलेल्या गोळ्यांची एक पिशवी असते, क्रोसिनच्या पट्ट्या, कुणाच्या तरी उरलेल्या झोपेच्या गोळ्या, आजोबांच्या बीपीच्या. ती कुलपात घाला, जुनं टाकून द्या. क्रोसिन आणि टायलेनॉलमधलं औषध एकच आहे आणि जास्त घेतलं तर लिव्हर जातं, सुरुवातीला काही जाणवतही नाही. घेतल्याचा संशय जरी आला तरी लगेच हॉस्पिटल.

डॉक्टर म्हणजे सुरुवातीला तुमचा नेहमीचा पेडियाट्रिशियनच. अमेरिकेत बाराव्या वर्षापासून दरवर्षी डिप्रेशनचे प्रश्न विचारावेत अशी त्यांना शिफारसच आहे, नऊ प्रश्नांचा एक कागद असतो. तेव्हा तुम्ही बाहेर थांबा, तुमच्या देखत ती सगळं बरंय असंच लिहिणार. थायरॉइड, हिमोग्लोबिन बघतील, मग थेरपी, लागलं तर औषध. औषधाला घाबरू नका पण नीट समजून घ्या. फ्लुओक्सेटिन आठ वर्षांपासून आणि एस्सिटालोप्रॅम बारापासून डिप्रेशनसाठी अमेरिकेत मान्य आहे, गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात अशी ठळक सूचना औषधाच्या माहितीपत्रकात असते, म्हणून पहिले काही आठवडे तुमचं जास्त लक्ष हवं. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायचं नाही. अश्वगंधा किंवा होमिओपॅथी चालू असेल तर तेही डॉक्टरला सांगा, आणि भारतातल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून व्हॉट्सअॅपवर गोळ्या लिहून घेऊन कुणाच्या बॅगेतून मागवायच्या, हे कृपा करून करू नका.

दीड-दोन वर्षांत ती कॉलेजला जाईल तेव्हाचंही आत्ताच सांगते. अठरा पूर्ण झाली की डॉक्टर तुम्हाला तिच्या परवानगीशिवाय सहसा काही सांगणार नाहीत, कॉलेजही ग्रेड दाखवणार नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. डॉर्मला सोडायच्या आधी मेडिकल माहितीचा संमतीचा कागद तिच्याशी बोलून सही करून घ्या. बहुतेक आईवडिलांना हे एखादं मूल हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर कळतं, आणि बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी), सायकोसिससारखे (भास, भ्रम होणं) आजार बरेचदा याच वयात पहिल्यांदा डोकं वर काढतात. इन्शुरन्स मात्र सव्वीसपर्यंत तुमच्या प्लॅनवर चालतो. पुण्या-मुंबईहून मास्टर्सला आलेल्या मुलांनो, तुमच्यासाठीही, युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलिंग सेंटरची फी बहुतेक ठिकाणी तुम्ही आधीच भरलेली असते, तिथे जा.

सासूबाईंच्या मनात देवदर्शन आहे तर जरूर जा, डॉक्टर चालू ठेवून. नातेवाईकांत कुणाला काय सांगायचं ते मात्र मुलीला विचारून ठरवा.

डिसेंबरच्या भारतवारीचं विचारलंत. डॉक्टर हो म्हणाले तर जा. गोळ्या ट्रिपच्या सगळ्या दिवसांच्या आणि वर आठवडाभराच्या जास्त, मूळ बाटलीतच, प्रिस्क्रिप्शनची कॉपी सोबत. थेरपिस्टचं लायसन्स स्टेटपुरतं असतं, भारतातून व्हिडिओवर सेशन जमेलच असं नाही, आत्ताच विचारून ठेवा. आणि नाशिकला गेल्यावर दिवसाला चार घरं चहाला नको, एखादं पुरे, मधे तिला झोपू द्या, आणि कुठल्या कॉलेजला जाणार हा प्रश्न तिला कुणी विचारू नका, असं सासूबाईंनीच सगळ्यांना आधी सांगून ठेवलं तर फार बरं होईल.