आधी नुसता बार उचल

अरे, पहिल्याच आठवड्यात ६० किलो लावू नकोस. नुसता ऑलिम्पिक बार, म्हणजे प्लेट लावायचा लांब लोखंडी दांडाच २० किलोचा असतो; आधी तेवढाच खांद्यावर घेऊन स्क्वॉट, म्हणजे उठाबशी, नीट बसू दे. टाच उचलली जातेय का, गुडघे आत वळतायत का, एवढंच बघ. सुरुवातीला ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था शिकते म्हणून. स्नायू मागाहून भरतात, कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, त्याहून सावकाश. मी घाई केली, कंबर धरली, दोन महिने घरी बसलो. तेव्हापासून दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोच्या प्लेट, म्हणजे एका वेळी अडीचच किलो वाढवतो. उद्या-परवा मांड्या भरून येतील, जिना उतरवणार नाही. घाबरू नकोस. गुरुवारी ये, मी रॅकपाशीच असेन.